चौकटीत झोपणाऱ्या अक्का

भूगोलाच्या सरांचं लग्न औशाला होतं. वसतिगृहातल्या आम्ही काही मुली रेक्टरबाईंबरोबर, म्हणजे अक्कांबरोबर, एसटीनं गेलो होतो. मंडपाच्या तोंडाशी नवऱ्या मुलाच्या आईनं आमच्यावर गुलाबपाणी शिंपडलं, अत्तराचा फाया पुढं केला आणि तोंडभर हसून "या, या" म्हणाल्या. अक्कांनी मनगटाला अत्तर लावून घेतलं आणि विचारलं, "बाहेर जायला दुसरी वाट कुठनं हाय?"

त्या माउलीचा चेहरा उतरला. "अहो बाई, असं काय? जेवण तयार हाय की."

"जेवते की. वाट दाखवा आधी."

वाट नव्हतीच. मंडपाला तिन्ही बाजूंनी कनाती लावून दोऱ्यांनी आवळलेल्या. आत गाव लोटलेलं, वर कापडाचं छत, छताला कागदी पताका आणि मागच्या अंगाला चुलवणं धडधडत असलेली. अक्कांनी मंडपवाल्याला हाक मारली. तो ऐकेना, तेव्हा पदर खोचून स्वतःच खाली बसल्या आणि कनातीच्या गाठी सोडायला लागल्या. नवरदेवाचे मामा धावत आले.

"बाई, काय करून राहिल्या? कुत्री येतात आत!"

"येऊ द्या," अक्का मान वर न करता म्हणाल्या. "कुत्र्यालाबी बाहेर पडता आलं पाहिजे."

मग मंगलाष्टकं झाली. अक्का उघड्या कनातीपाशीच उभ्या राहिल्या आणि तिथूनच अक्षता भिरकावल्या. त्या नवरा-नवरीपर्यंत काही पोचल्या नाहीत, बँडवाल्याच्या पिपाणीत गेल्या.

त्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या आणि मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. माहेर उदगीरचं, घर लिंगायत व्यापाऱ्याचं. भावांची डाळीची आडत होती. लग्न केलं नव्हतं. उंची बेताची, पण अंगानं चांगल्या भरभक्कम. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळावर विभूतीची फिकट रेघ, आणि हातात उन्हाळा-पावसाळा काळी छत्री. वर्गात पुस्तकी मराठीत व्याख्यान द्यायच्या. वर्गाबाहेर पाऊल पडलं की उदगिरी सुरू. घाई झाली की तीही सुटायची आणि कानडी यायची. "नडी, नडी!" म्हणजे चला, चला. आमच्या वसतिगृहात कानडी येणारी एकही मुलगी नव्हती, पण झोपेत कुणी "नडी" म्हटलं असतं तरी आम्ही सगळ्या उठून चालायला लागलो असतो.

इतिहास शिकवतानाही त्यांचं लक्ष दारांकडंच. औशाच्या किल्ल्यावर सहल नेली, तेव्हा खंदक दाखवले, तट दाखवला, बुरूज दाखवले आणि मग सावलीत बसून म्हणाल्या, "बाहेरच्यानं आत येऊ नये म्हणून किती खटाटोप केलाय बघा. आतल्यानं बाहेर कसं पडायचं, याचा विचार किती केलाय? जा, शोधून या." आम्ही दुपारभर चोरवाटा शोधत हिंडलो. पुढं चाचणीत त्यांनी 'किल्ल्यातून बाहेर पडण्याच्या सोयी' असा प्रश्नही टाकला. विद्यापीठाच्या पेपरात तो काही कधी आला नाही.

अशा माणसामागं काहीतरी गोष्ट असणार, असं आम्हाला वाटायचं. मुलींनी ती रचलीही होती. कुणी म्हणायचं, त्यांचं लग्न ठरलेला मुलगा आगीत गेला. कुणी म्हणायचं, धाकटी बहीण गेली. या गोष्टी आम्ही एकमेकींना इतक्यांदा सांगितल्या की सांगताना डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी एकीनं धीर करून त्यांनाच विचारलं. अक्का आधी समजल्याच नाहीत. समजल्यावर इतक्या हसल्या की छत्री हातातून पडली.

"अगं माझे अव्वा! कुणी जळालं न्हाई आणि पोळलंबी न्हाई. आमच्या घरी चूलसुद्धा धड पेटायची न्हाई, फुंकून फुंकून आईचा जीव जायचा." मग डोळे पुसत म्हणाल्या, "काहीतरी झाल्यावरच माणसानं शहाणं व्हायचं असतंय का? आधी झालं तर चालत न्हाई?"

त्या अजून आहेत. उदगीरला भाच्याकडं राहतात. नांदेडहून मी अधूनमधून जाते. गुडघे गेलेत, छत्री आता काठी म्हणून वापरतात. हसणं मात्र तेच.

ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. आमच्या कॉलेजचं गाव लातूरच्या रस्त्यावरचं, तालुक्याचं. रातोरात आम्ही जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात आलो होतो. दुकानांच्या पाट्यांवर 'जि.' च्या पुढचं जुनं नाव खरवडून नवं रंगवण्यात रंगाऱ्यांचे दिवस चांगले चालले होते. बाकी कुणाचेच चांगले चालले नव्हते. पाऊस दगा देऊन गेला होता, विहिरींचे तळ दिसायला लागले होते. वसतिगृहाला टँकर यायचा आणि मुलीमागं बादलीभर पाणी मिळायचं. त्यातच अंघोळ, त्यातच कपडे. केस धुणं म्हणजे सण होता.

अशा दिवसांत अक्कांनी व्हरांड्यात लाल रंगाच्या बादल्या पाण्यानं भरून टांगल्या होत्या. आगीसाठी! आमच्या डोळ्यांसमोर ते पाणी हिंदकळायचं. ते रोज थोडं थोडं कमी व्हायला लागलं आणि रोज एकेका मुलीचे केस चमकायला लागले. एका सकाळी बादल्यांत शेण कालवलेलं होतं. "आगीला वास येत न्हाई," अक्का एवढंच म्हणाल्या. पुढं टँकरही दिवसाआड यायला लागला, तेव्हा त्यांनी बादल्या रिकाम्या करून त्यांत वाळू भरली. वाळू कुणी चोरली नाही.

वसतिगृहाची इमारत पूर्वी कापसाच्या जिनिंगचं गोदाम होती. दगडी भिंती, खिडक्यांना जाड गज, वर मजला चढवलेला, जिना लाकडी. पुढं मोठं दार आणि मागं, खानावळीच्या बाजूला, लहान दार. अक्कांनी आल्या आल्या ठरवून टाकलं होतं की आग लागली तर मागच्या दारानं निघायचं आणि मागच्या आवारातल्या कडुलिंबाखाली जमायचं. खानावळीतली पितळी परात बडवली की निघायचं. कधीही बडवली जायची. आम्ही वेण्या घालत असायचो, पुऱ्यांवर तुटून पडलेल्या असायचो, की परात सुरू. अर्ध्या वेणीनं, हातात पुरी घेऊन आम्ही लिंबाखाली. अक्का तिथं छत्री टेकून उभ्या.

यादी घेऊन हजेरी घेणं त्यांना मान्य नव्हतं. "नावं वाचत बसायला आग थांबती व्हय?" म्हणून जोड्या. प्रत्येकीला एक जोडीदारीण नेमून दिलेली. लिंबाखाली अक्का फक्त "जोडी?" म्हणायच्या आणि ज्या त्या मुलीनं आपली जोडी दाखवायची. त्यातला एक नियम मात्र फक्त आम्हाला माहीत होता, संस्थेला नाही. वसतिगृहाबाहेर जाताना रेक्टरला काय कारण सांगायचं ते सांगा; जोडीला मात्र खरं सांगून जायचं.

"मला खोटं बोललीस तर मी रागावीन," अक्का म्हणायच्या. "जोडीला खोटं बोललीस तर तुला शोधायला माणूस आगीत जाईल."

माझी जोडी होती सुरेखा. धर्माबादच्या मिरचीच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिला पिक्चरचं वेड. मी नांदेडची, वडील रेल्वेत पॉइंट्समन. आमच्याकडं पिक्चर म्हणजे वर्षाकाठी एखादा. तिच्यामुळं मला न पाहिलेले कितीतरी पिक्चर तोंडपाठ झाले.

तर या पिक्चरवरूनच सगळं सुरू झालं. वसतिगृहातली एक मुलगी (सुरेखा नव्हे, ती तेव्हा सापडली नव्हती) टॉकीजमधून बाहेर पडताना कुणीतरी पाहिली आणि संस्थेच्या सचिवांना सांगितलं. सचिव धोतर-टोपीतले, शिस्तीचे, गावात मान असलेले. मुलींचं वसतिगृह त्यांनीच हट्टानं काढलेलं. खेड्यापाड्यांत फिरून, एकेका बापाच्या ओसरीवर बसून त्यांनी मुली आणल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी ते आले, मागच्या दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला लावली.

अक्का म्हणाल्या, "किल्ली माझ्याजवळ द्या."

"बाई, मी त्यांच्या बापांना शब्द दिलाय. पोरी सांभाळीन म्हणून."

"मीबी तेच करून राहिले की."

"एक पोरगी पळाली तर सगळं वसतिगृह रिकामं होईल. कळतंय का?"

"आणि एक जळाली तर?"

सचिव किल्ली घेऊन गेले. मग रविवारी अक्कांनी सुताराला बोलावलं. त्यानं कुलपाला हात लावला नाही. बिजागऱ्या काढल्या आणि अख्खं दार चौकटीतून उचलून बाहेर ठेवलं. ते बैलगाडीत घालून अक्कांनी सचिवांच्या वाड्यावर पोचतं केलं. गाडीवानाजवळ निरोप दिला, "कुलूप शाबूत हाय, बघून घ्या."

संध्याकाळी सचिव आले ते तांबडेलाल होऊन. मागच्या बाजूला येऊन बघतात तर नुसती चौकट, आणि चौकटीत आडवी टाकलेली अक्कांची खाट. खाटेवर गादी, उशी, छत्री आणि खुद्द अक्का.

"हे काय चालवलंय?"

"आजपासून मी इथंच झोपणार."

"आणि पोरी गेल्या म्हणजे?"

"माझ्या अंगावरून जातील."

सचिवांनी खाटेकडं पाहिलं, अक्कांकडं पाहिलं. ती चौकट त्यांनी अशी भरून टाकली होती की मांजरालासुद्धा विचारूनच जावं लागलं असतं. आम्ही जिन्यात तोंडात पदर कोंबून उभ्या होतो. सचिव जाताना एवढंच म्हणाले, "काही वेडंवाकडं झालं बाई, तर दुसऱ्या दिवशी उदगीरची गाडी धरायची."

"धरीन," अक्का म्हणाल्या.

तेव्हापासून परात वाजली की पहिलं काम खाट हलवण्याचं. आणि अक्का खाटेवर असल्या तर उठायच्या नाहीत. "मी बेशुद्ध हाय असं समजा," म्हणून डोळे मिटून घ्यायच्या. चौघीजणी चार पाय धरून त्यांना उचलायचो. आमच्या माना ताठ व्हायच्या, बांगड्या फुटायच्या. मधेच एक डोळा उघडून त्या म्हणायच्या, "डाव्या अंगाला कललंय गं, बेशुद्ध माणूस पडतंय की अशानं." लिंबाखाली टेकवली की उठून बसायच्या आणि प्रसाद वाटावा तसा शेंगदाणे-गूळ वाटायच्या. वजन उचलल्याबद्दल चौघींना दोन मुठी.

थंडी सरली आणि कॉलेजच्या मैदानावर चाऱ्याचा डेपो आला. जनावरं उपाशी मरत होती. कुठून कुठून ट्रक भरून कडबा येत होता आणि सकाळपासून शेतकऱ्यांच्या गाड्यांची रांग लागत होती. त्याला कोण नाही म्हणणार? पण कडब्याची गंजी रचता रचता पार वसतिगृहाच्या पुढच्या भिंतीला येऊन टेकली. भिंतीची सावली होती, राखणीला बरं होतं. वरून विजेच्या तारा गेलेल्या. अक्कांनी ते पाहिलं आणि त्यांची झोप उडाली. डेपोच्या माणसांना सांगितलं, प्राचार्यांना सांगितलं, मग एसटीत बसून लातूरला जायला लागल्या. नवा जिल्हा, नवी कचेरी. साहेब लोकही नवे. तिथल्या एका साहेबांनी त्यांना बसवून चहा पाजला.

"बाई, जनावरं मरून राहिली."

"जगवा की. माझं काय म्हणणं? गंजी तेवढी मैदानाच्या त्या टोकाला न्या."

साहेब बघतो म्हणाले. अक्का पुन्हा गेल्या. पुन्हा चहा झाला.

त्या दिवशीही त्या लातूरलाच गेल्या होत्या. परीक्षेची सुट्टी लागलेली, सगळ्या मुली खोल्यांत. दुपारचं ऊन असं की भिंतीला पाठ लावली तर चटका बसावा. काही मुली वाचत होत्या, बहुतेक पुस्तक तोंडावर घेऊन पेंगत होत्या. बाहेर वावटळ उठली, खिडक्या आपटल्या. आणि परात वाजायला लागली.

"ह्या उन्हात? अक्कांना काही कळतंय का?" कुणीतरी कण्हत म्हणालं. आम्ही कुरकुरत उठलो. जिन्यात आल्यावर एकीच्या ध्यानात आलं.

"अगं, अक्का तर लातूरला गेल्यात."

मग परात कोण वाजवतंय? तेवढ्यात वास आला आणि पाठोपाठ पुढच्या दारातून धूर. पिवळट, दाट, कडब्याचा. तारा वाऱ्यानं एकमेकींवर आपटून ठिणगी पडली होती, हे नंतर कळलं. पुढच्या दाराच्या फटीतून जळकी पानं आत उडत येत होती. परात बडवत होते आमचे खानावळीचे महादप्पा. हातातला झारासुद्धा त्यांनी टाकला नव्हता, त्यानंच बडवत होते.

मला आजही नवल वाटतं ते याचं, की कुणी ओरडलं नाही. पाय आपोआप चालत होते. भिंतीला हात लावून, एकीमागं एक, खाली, डावीकडं, खानावळीतून मागं. पुढं असलेल्या चौघींनी खाट धरली. खाट हलकी लागली तशी एक म्हणाली, "अगं, अक्का न्हाईत हिच्यावर!" आणि त्या गडबडीत दुसरीला सुचलं की आजाऱ्यांच्या खोलीत काविळीनं पडलेली मुलगी आहे. खाट तशीच आत नेली, तिला तिच्यावर घातली आणि चौघी पळत सुटल्या. अक्कांच्या सवयीनं ती त्यांना कापसासारखी लागली असणार. पुढं कितीतरी दिवस ती मुलगी सांगायची की ती खाटेवरून आली नाही, उडत आली.

लिंबाखाली आम्ही जमलो आणि आमच्यातलीच एक ओरडली, "जोडी?"

"हाय!" "हाय!" "हाय!"

मी काही बोलले नाही.

पुढच्या बाजूला गंजी भडकली होती. रांगेतले शेतकरी बैल सोडून धावले होते आणि हातांनी पेंढ्या ओढून जळता कडबा वेगळा करत होते. पाणी नव्हतंच. आम्ही व्हरांड्यातल्या बादल्या आणायला निघालो, तर आम्हीच एकमेकींना अडवलं. बाहेर पडलेल्यानं आत जायचं नाही, हा नियम. मग लिंबाखालची माती ओच्यांत भरून त्यांना नेऊन द्यायला लागलो. एवढ्यात सचिव आणि प्राचार्य धावत आले.

"सगळ्या आल्या का? सगळ्या?"

"धर्माबादची सुरेखा दिसत न्हाई!" कुणीतरी म्हणालं.

सचिवांचा चेहरा राखेसारखा झाला. महादप्पांनी पोतं उचललं, प्यायच्या माठात बुडवलं आणि डोक्यावर घेतलं. सचिवांनी टोपी काढून प्राचार्यांच्या हातात दिली, धोतराचा काचा मारला. "तिच्या बापाच्या ओसरीवर बसून शब्द दिलाय मी," म्हणाले आणि महादप्पांच्या मागं त्या चौकटीकडं चालायला लागले. आतून धूर येत होता.

त्याआधी मी त्यांच्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते. तशी गरज पडली नव्हती आणि धीरही झाला नसता. मी पळत जाऊन त्यांचा दंड धरला.

"सर, ती आत न्हाई."

"तू पाहिलंस?"

"न्हाई. पण ती आत न्हाई. मी तिची जोडी आहे."

"मग कुठाय?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सुरेखाची नजर नव्हती तिथं, हे एक बरं.

"टॉकीजला," मी म्हणाले. "दुपारच्या खेळाला. मला सांगून गेलीय."

"नक्की?"

"जोडीला खोटं बोलत न्हाई कुणी."

महादप्पा पोतं डोक्यावर घेऊन तसेच उभे राहिले. सचिव माझ्याकडं बघत राहिले, मग खाली मातीत बसले.

अक्कांना धूर एसटीतूनच दिसला होता. स्टँडवरून त्या धावत आल्या. अक्कांना धावताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. एका पायात चप्पल, छत्री उलटी झालेली. लिंबाखाली येऊन श्वास घेतला आणि एकच शब्द, "जोडी?"

"हाय!" सगळ्या एकदम. मग मी म्हणाले, "माझी टॉकीजला."

"सांगून?"

"सांगून."

अक्का मटकन खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. नंतर लगेच डोळे पुसले आणि हसायला लागल्या. "साहेब आज तयार झाले बघा. उद्या गंजी हलवतो म्हणाले."

"आता काय हलवायचं, बाई," सचिव म्हणाले. मग त्यांनी विचारलंच, "पिक्चरला जायची परवानगी तुम्ही दिली होती?"

"व्हय," अक्का पटकन म्हणाल्या. "मीच धाडली. इतिहासाचा पिक्चर हाय."

तो इतिहासाचा नव्हता. गावभर पोस्टर लागली होती आणि त्यांवर नायिका पावसात भिजत होती. सचिवांनीही ती पाहिली असणार. पण ते "असं होय," म्हणाले आणि टोपी मागून घेतली. खेळ सुटल्यावर सुरेखा फुटाण्याची पुडी घेऊन गुणगुणत आली, आणि एवढा जमाव आपल्याकडं का बघतोय ते तिला बिचारीला कळेना.

शेतकऱ्यांनी निम्मी गंजी वाचवली. बाकीची जळून गेली. एक म्हातारा काळा पडलेला कडबा निवडत बसला होता, त्यातलं जनावर काय काय खाईल ते बघत. त्याच्याजवळ अक्का बराच वेळ बसल्या होत्या. वसतिगृहाचं पुढचं दार आणि व्हरांड्याचं छत गेलं, जिन्याचा कठडा करपला. लातूरचा बंब आला तेव्हा आग मातीखाली गेली होती. एवढ्या लांबून आलेला बंब, पाण्यानं काठोकाठ भरलेला. गड्यांनी धुमसणाऱ्या राखेवर फवारा मारला तरी पुष्कळ उरलं.

अक्का त्यांना म्हणाल्या, "भरलेला बंब माघारी नेता का? हौद रिकामा हाय आमचा."

त्या संध्याकाळी हौदाभोवती आम्ही सगळ्यांनी डोकी धुतली. काजळी उतरून पाणी काळं काळं वाहत होतं आणि सगळ्याजणी ओरडून गात होत्या. कुणी पाणी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाप यायला लागले. बातमी जाईल तिथं वाढत गेली होती. कुठं वसतिगृह बेचिराख झालं होतं, कुठं पोरी गेल्या होत्या. कुणी एसटीनं, कुणी ट्रकमधून, कुणी सायकलवर आले. मुलगी समोर दिसली की डोक्यावरून हात फिरवायचे आणि दुसरं वाक्य एकच, "चल. पेटी भर." धर्माबादहून सुरेखाचे वडील आले. नांदेडहून माझेही आले, स्टेशनवरून ड्यूटी संपवून थेट, निळ्या कपड्यांतच. मुली रडत पेट्या भरायला लागल्या. परीक्षा तोंडावर आणि घरी गेलेली मुलगी परत येते थोडीच. सचिव व्हरांड्यात एका बाजूला उभे होते. या बापांच्या ओसऱ्यांवर त्यांनी किती हेलपाटे घातले होते ते त्यांनाच माहीत.

अक्कांनी कुणाची समजूत काढली नाही. महादप्पांना सगळ्यांसाठी गुळाचा चहा टाकायला लावला. चहा झाल्यावर म्हणाल्या, "पोरी न्या. तुमच्या हायेत. पर त्या काल कशा बाहेर पडल्या, तेवढं बघून जा. चला वर."

आणि त्यांनी त्या सगळ्या बापांना वरच्या खोल्यांत नेऊन बसवलं. पटके, टोप्या, धोतरं, एक-दोन पँटी. आम्ही खाली. कुणाला काही कळायच्या आत परात वाजली.

मग जो गोंधळ उडाला! एक जण चपला शोधायला लागला. एक जण पिशवीसाठी अर्ध्यातून माघारी फिरला.

"पाटील, तुम्ही गेलात!" अक्का खालून ओरडल्या. "पिशवीपायी गेलात! मागचे तिघंबी गेले!"

"आं? मी हाय की हितं!"

"न्हाईत! सरका!"

दोघे पुढच्या दाराकडं गेले आणि करपलेल्या चौकटीपाशी एकमेकांवर आदळले. सुरेखाच्या वडिलांना, चांगल्या वजनदार माणसाला, अक्कांनी खाटेवर आडवं केलं. "तुम्ही बेशुद्ध." ते नको नको म्हणत असताना त्यांच्याच मुलीनं आणि आणखी तिघींनी त्यांना उचललं. "नडी, नडी!" करत आम्ही त्या बापांचे हात धरून, पाठीला ढकलत, भिंतीनं भिंतीनं मागून बाहेर काढलं. लिंबाखाली धर्माबादचा व्यापारी खाटेवर बसून पोट धरून हसत होता. "हात्तिच्या! हिनं मला उचललं? हिला घरी घागर उचलत न्हाई!"

हसून झाल्यावर माणसं आपापल्या मुलींकडं निराळ्याच नजरेनं बघायला लागली. कुणी बिडी काढली, अक्कांकडं पाहिलं आणि परत खिशात ठेवली.

दोघे मुलींना घेऊनच गेले. त्यातली एक जूनमध्ये परत आली. दुसरीचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. अक्का तिच्या लग्नाला गेल्या नाहीत. त्या ज्या लग्नाला गेल्या नाहीत, असं मला माहीत असलेलं तेवढं एकच. बाकीचे हळूहळू एकेक करून उठले, मुलीच्या हातात काहीबाही ठेवून एसटीच्या वाटेला लागले.

माझे वडील मागं राहिले होते. ते मुळात कमी बोलणारे. मी पेटी भरून, वळकटी बांधून, जिन्याच्या पायरीवर बसले होते. काय ठरलंय हे विचारायचा मला धीर होत नव्हता. सगळे गेल्यावर ते अक्कांपुढं जाऊन उभे राहिले. टोपी काढून काखेत धरली, हात जोडून जयभीम घातला. अक्कांनीही हात जोडले. अक्कांना वाटलं असणार, आता हे आपली मुलगी मागणार.

"बाई," वडील म्हणाले, "आणखी एक मुलगी हाय मला. धाकटी. औंदा दहावीला बसलीय. जूनमधी हितं जागा राहील का तिला?"

अक्कांनी सचिवांकडं पाहिलं. सचिव तोंड फिरवून उपरण्यानं टोपी पुसत होते.

"राहील," अक्का म्हणाल्या. "नाव काय तिचं?"

वडिलांनी नाव सांगितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वळकटी सोड. आणि अभ्यासाला बस."